भूमिशास्त्रें व आपल्या विहिरी

शेतकऱ्यास भूमीचें शास्त्र सांगणें म्हणजे माशास पोहणें शिकविणें होय, असा आक्षेप या लेखावर येण्याचा संभव आहे. तो कांहीं अंशीं खराही आहे. काळी, तांबडी, चोपण, चुनखड हे मातीचे भेद आमच्या बांधवांस पुस्तकावांचून कळतात. महसूल खात्याची प्रतबंदीही मातीचा रंग, खोली व दोष पाहूनच होत आली. परंतु या ज्ञानाची धांव नांगराच्या फाळापासून फार तर जुन्या विहिरीच्या तळापर्यंत. आज आम्ही विंधणविहीर, म्हणजे बोअर, शेंकडों फूट खाली नेतों. तेथें वाडवडिलांचा अनुभव पोहोंचत नाहीं. तेथें शास्त्रासच विचारावें लागतें.

पृथ्वीचें शास्त्र हें एक नसून अनेक शास्त्रांचें कुटुंब आहे. भूगर्भशास्त्रज्ञ खडकांची उत्पत्ति व थर पाहतो. भूजलशास्त्रज्ञ त्या थरांतून पाणी कसें मुरतें व वाहतें याचा शोध घेतो. मृदाशास्त्रज्ञ मातीची घडण व तिच्यांतील पिकाचें अन्न तपासतो. वारा, बाष्प व पर्जन्य हा हवामानशास्त्रज्ञाचा विषय, तर भूमीचे कंप हा भूकंपशास्त्रज्ञाचा.

यांपैकीं पहिल्या दोघांशीं लिंबागणेशच्या शेतकऱ्याचा संबंध फार निकटचा आहे. आपला बालाघाट हा सुमारें ६.६ कोटि वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेल्या दख्खनच्या पठाराचा भाग होय. अशा थराचा माथा बहुधा सच्छिद्र व झिजलेला असतो, आणि त्याखालीं घट्ट कातळ असतो. पाणी सांठतें तें मुरुमांत, भेगांत व दोन थरांच्या सांध्यांत. कातळास भेगच नसेल, तर आणखी १०० फूट गेल्यानें खर्च वाढतो, पाणी वाढत नाहीं. एका बांधावर पाणी व पलीकडे नुसता धुरळा, याचें कारण हेंच. पाणाड्याच्या हातांतील नारळास हे थर दिसत नाहींत. शिवाय थर सलग असला, तर एकाच्या बोअरनें दुसऱ्याची विहीर आटते. म्हणूनच राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यानें शेतीसाठीं ६० मीटरांहून खोल विहिरींस मनाई केली आहे. कायदा पुस्तकांत आहे. यंत्रें मात्र शिवारांत फिरत आहेत.

इतर शास्त्रेंही दूरचीं नव्हत. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंतचतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीं पहांटे, शेजारच्या लातूर जिल्ह्यांत किल्लारीस भूकंप झाला व सुमारें १०,००० माणसें गेलीं. दख्खनची भूमि अचल आहे हा समज त्या पहांटे मोडला. दगडमातीच्या जड भिंती व माळवदें हीं अशा वेळीं घातक ठरतात, हा धडा तेथें मिळाला. परभणीचें कृषि विद्यापीठ १९७२ पासून माती व पीक यांवर संशोधन करीत आहे, व तेथूनच हवामानाचा सल्लाही शेतकऱ्यांस मिळतो.

कोणी म्हणेल, शास्त्रज्ञाचाही अंदाज चुकतो. चुकतो खरा, पण त्याच्या अंदाजास कारण असतें, व चूक कळली म्हणजे पुढील अंदाज सुधारतो. नारळाची चूक कोणी टिपूनही ठेवीत नाहीं.

यास्तव आमची सूचना अशी. बोअरसाठीं कर्ज काढण्यापूर्वी शेतकऱ्यानें जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे अर्ज करावा. ही यंत्रणा निरीक्षण विहिरींची पाणीपातळी जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत मोजते. त्याच महिन्यांत प्रत्येक गांवानें आपल्याही विहिरींची पातळी मोजून एका वहींत लिहावी. यास दोरी, पट्टी व एक साक्षर मुलगा एवढेंच पुरे. जमिनीच्या वरच्या मालकीची नोंद सातबाऱ्यावर आहे. खालच्या पाण्याची नोंद आपण न ठेवली, तर तें संपल्याची वार्ता आपणांस शेवटींच कळेल.