पानावर रेंगाळणारें मूल

पानावर तासभर बसणाऱ्या मुलाविषयीं प्रत्येक घरांत वडीलधाऱ्यांचें मत ठरलेलें असतें. आमचेंही होतें. २०२३ च्या उन्हाळ्यांत आमचा पुतण्या अमेरिकेंतील सिनसिनाटीहून सहकुटुंब घरीं आला. त्याचा आठ वर्षांचा मुलगा पोळीचा घांस तोंडांत घोळवीत बसे, प्रत्येक घांसामागें पाणी पिई, आणि मंडळींचे हात धुऊन झाले तरी हा आपला पानावरच! आम्ही पडलों जुने मास्तर. एके दिवशीं आम्हीं त्यास अन्नाच्या महतीवर निरूपण ऐकविलें, आणि पोळी संपविल्यावांचून उठावयाचें नाहीं, अशी आज्ञा केली. पोर गुणी, घांस गिळला. तो छातीपाशीं अडकला आणि शेवटीं सर्व उलटून पडलें. वहिनींनी त्यास जवळ घेऊन दूधभात भरविला.

परत गेल्यावर तेथील डॉक्टरांनी दुर्बीण घालून अन्ननलिकेच्या अस्तराचे बारीक तुकडे तपासले. रक्तांत इओसिनोफिल नांवाच्या पांढऱ्या पेशी असतात; निरोगी अन्ननलिकेंत त्यांना थारा नसतो. सूक्ष्मदर्शकाच्या एका दृष्टिक्षेत्रांत त्या पंधरा किंवा अधिक दिसल्या आणि दुसरें कारण आढळलें नाहीं, तर हा दाह समजतात. कांहीं अन्नाशीं शरीराचें वांकडें येऊन तो उद्भवतो. वर्षें लोटलीं तर नलिका अरुंद होते. दोषी पदार्थांत दुधाचा क्रम बहुधा पहिला. आमच्या नातवासही तेंच बाधत होतें. म्हणजे सुखानें गळ्याखालीं उतरलेला दूधभातच खरा अपराधी!

"भाऊजी, असें कितीशा मुलांना होत असेल?" वहिनींनी विचारलें. योगायोग असा कीं, ह्याचें एक प्रसिद्ध मोजमाप सिनसिनाटी ज्या हॅमिल्टन काउंटींत आहे तेथेंच झालें व २००४ सालीं छापून आलें. २००० सालीं तेथें दहा हजार मुलांत सुमारें एक रुग्ण होता. २००३ अखेर चारांहून थोडे अधिक. नवे रुग्ण मात्र दर वर्षीं दहा हजारांत एकाच्या आसपासच. हें गणित आम्हांस शाळेच्या पटावरून उमगलें. नवीं नांवें थोडीं, पण शाळा सोडून कोणीच जात नाहीं, तर पट फुगणारच. हा विकार सहसा जीव घेत नाहीं, पण आपण होऊन बहुधा जातही नाहीं.

चार म्हणजे दुर्मिळच. परंतु तुकडा काढून पाहिल्यावांचून कोणाचें नांव ह्या पटावर चढतच नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत हा स्वतंत्र विकार म्हणून ओळखूं येऊं लागला. तत्पूर्वीं ह्या पेशी दिसल्या तरी त्या आम्लाच्या खातीं पडत. वाढलेल्या आकड्यांत वाढलेल्या दुर्बिणींचा वांटा आहेच. तथापि तेवढ्यानें सारी वाढ उलगडत नाहीं, असें तज्ज्ञ मानतात. आमच्या हाताखालून कांहीं हजार मुलें गेलीं. डबा न संपविणाऱ्यांस आम्हीं बांकावर उभें केलें आहे. ह्या हिशेबानें त्यांत एखादा असेल, नसेलही. पण ते चेहरे अलीकडे आम्हांस आठवूं लागले आहेत. ज्या मुलाचा घांस पाण्यावांचून उतरत नाहीं किंवा वारंवार अडकतो, त्यास आधीं डॉक्टरांकडे न्यावें. घरच्या घरीं दूध तोडूं नये.

नातवाचें दूध डॉक्टरांच्या देखरेखीखालीं बंद झालें, आणि पुढच्या तपासणींत त्या पेशी जवळजवळ नाहींशा झाल्या होत्या. नंतरच्या सुटींत तो पुन्हां आला, तेव्हां वहिनींनी त्याच्या पोळीस तूप लावलें नाहीं. ती त्यानें आमच्या आधीं संपविली. पाण्याचें भांडें भरलेलेंच होतें.