मोडलेली अक्षरे

नामपूरवरून वाहणारी मोसम नदी पुढे मालेगावला गिरणेला मिळते. एकाच नदीकाठी येथे दोन लिप्या नांदतात, आणि आपण साहित्याचे अभ्यासक त्यांतली एकच, तीही छापील, पाहतो.

उर्दू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गझलसंग्रहाच्या मुखपृष्ठावरचे डौलदार नस्तालीक येते. पण मालेगावच्या एखाद्या सूतवाल्याने घाईत लिहिलेली उधारीची चिठ्ठी पाहावी. तिच्यात दोन नुक्ते एका आडव्या रेघेत मिसळलेले असतात, तिसरा जोडीला आला की लहानशी टोपी होते, आणि 'सीन'चे दात झिजून नुसती लांब ओढ उरते. हा गबाळेपणा नव्हे. या मोडतोडीला नियम आहेत. नाही तर ती चिठ्ठी समोरच्याला वाचताच आली नसती. सतराव्या शतकात इराणात अशाच घाईतून 'शिकस्ता' हे वळण सिद्ध झाले. उस्मानी तुर्कांच्या कचेऱ्यांत 'रुका' रुजले आणि इजिप्त-सीरियाकडे आजही रोजचे लेखन बहुधा त्याच वळणाने होते.

शिकस्ता म्हणजे मोडलेले. 'मोडी' या नावाची एक व्युत्पत्तीही 'मोडणे' या क्रियापदाकडेच जाते. पोथीला बाळबोध आणि कागदाला मोडी, ही आपली जुनी वाटणी नस्तालीक-शिकस्ताच्या वाटणीहून फार निराळी नाही. मोडीही हात न उचलता धावते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद फारसा पाळत नाही. (तिचे जनकत्व हेमाडपंताला बहाल करण्याची हौस आता आवरावी. घाईच्या लिपीला एक जनक नसतो, हजार कारकून असतात.)

मोडीचे आपण काय केले, हे पुण्याच्या पुराभिलेखागारातील रुमाल सांगतात: कागद आहेत, वाचणारे थोडे. मालेगावचे रोजचे अक्षर मात्र अजून जिवंत आहे. १९८१मध्ये नूरी नस्तालीक आले आणि पुढे संगणकाने कातिबाचा बोरू हातातून काढून घेतला. त्यावर निदान हळहळ तरी झाली. चिठ्ठीच्या अक्षरासाठी कोणी हळहळणार नाही, कारण ते सुंदर आहे असे कोणी कधी म्हटलेच नाही. नवी पिढी तर मोबाइलवर उर्दूही रोमनमध्ये लिहू लागली आहे. आपल्या एखाद्या विद्यार्थ्याने हस्तलिखित दिवानाऐवजी शंभर खातेवह्या, लग्नाचे हिशेब आणि आईने परगावच्या मुलाला धाडलेली पत्रे गोळा केली, तर तो प्रबंध मराठी विभागाने नाकारू नये. मोडी वाचणारा मार्गदर्शक त्याला लागेल. तोही शोधावाच लागेल.