अग्निबाणाची दोरी

विज्ञान-प्रदर्शनांत विद्यार्थ्यांनीं केलेला पुठ्ठ्याचा अग्निबाण दिसला म्हणजे प्रेक्षक प्रथम विचारतात, "हा किती उंच जाईल?" परीक्षकहि बहुधा तेंच विचारतात. आमच्या मतें पहिला प्रश्न असा असावा कीं, "याचें टोंक नळीला कशानें बांधलें आहे?"

ज्यांनीं असा बाण उडतांना पाहिला नसेल त्यांच्याकरितां थोडा खुलासा. बाण वर पोहोंचल्यावर आंतील थोडी राखून ठेवलेली दारू पेटते; तप्त वायूच्या रेट्यानें टोंक बाहेर फेंकलें जातें व मागोमाग हवाई छत्री उलगडते. टोंक व नळी यांस जोडणाऱ्या दोरीला आंच व हिसका हीं दोन्ही एकाच क्षणीं सोसावीं लागतात. ती तुटली कीं छत्री एकीकडे जाते आणि नळी दगडासारखी खालीं येते. वसई-विरारकडे मोकळीं मैदानें थोडीं उरलीं आहेत, व त्यांच्या कडेला माणसांची वर्दळ असते, हें ध्यानांत घ्यावें.

मग दोरी कशाची असावी? रबरी फीत हिसका चांगला सोसते, पण उष्णतेनें व काळानें ठिसूळ होते. नायलॉन चिवट खरा, परंतु 220 ते 260 अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळतो. सुती दोरा वितळत नाहीं. तो करपतो व मग हलक्या ओढीनेंहि तुटतो. स्टेफनी क्वोलेक या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बाईंच्या 1965 च्या शोधांतून निघालेला केवलारचा धागा मात्र या आंचेला सहसा दाद देत नाहीं. तेव्हां "केवलार आणा, म्हणजे झालें," असें हुशार विद्यार्थी म्हणतात. हें आम्हांस मान्य नाहीं. केवलार जवळजवळ ताणलाच जात नाहीं. त्यामुळें सारा हिसका नळीच्या कडेवर येतो आणि बारीक धागा सुरीसारखा पुठ्ठा चिरीत जातो. शिवाय उन्हांत तो दुबळा होतो. म्हणून जाणते लोक आंत केवलारचा तुकडा व पुढें लवचिक फीत अशी जोड करितात.

तेव्हां परीक्षा एकट्या दोरीची नव्हे, तर गांठ, चिकटविण्याचा डिंक, कागदाची पट्टी व नळी या सर्वांची एकत्र झाली पाहिजे. दोर बहुधा गांठीपाशींच तुटतो, हें पाचूबंदरच्या किंवा अर्नाळ्याच्या कोळीबांधवांस कोणी शिकवावें लागत नाहीं. नळीचा तुकडा आडव्या दांडीला बांधावा, दोरी नेहमींप्रमाणें आंत चिकटवावी, आणि वजन नुसतें टांगूं नये, हातभर उंचीवरून सोडावें. टांगलेलें वजन पेलणारा सांधा हिसक्यानें निखळूं शकतो. तसाच दुसरा सांधा पावसाळ्यांतील दमट हवेंत आठवडाभर ठेवून पुन्हां पाहावा. आंचेची परीक्षा शिक्षकांनींच करावी; दारूला मुलांनीं हात लावूं नये.

हा पोरखेळ नव्हे. गगनयानाच्या छत्र्यांसाठीं 18 नोव्हेंबर 2022 रोजीं झांशीजवळ बबीना येथें पांच टनांचें वजन विमानांतून अडीच किलोमीटर उंचीवरून सोडण्यांत आलें, आणि तेंहि एक मुख्य छत्री उघडली नाहीं तर काय होईल, हें मुद्दाम पाहण्यासाठीं.

आमची सूचना एवढीच कीं, प्रदर्शनांत बाणाशेजारीं तुटलेल्या दोऱ्यांचा एक फळा मांडावा, प्रत्येक तुकड्याखालीं वजन, उंची व तुटण्याची जागा लिहावी, आणि निम्मे गुण त्या फळ्यास द्यावेत.