बर्फ पडतो म्हणून वितळत नाही?

"ग्रीनलंडवर दरवर्षी बर्फ पडतोच आहे, मग वितळण्याची ओरड कशाला?" नागपूरच्या धरमपेठेत मे महिन्याच्या उकाड्यात हा सवाल हमखास निघतो. विचारणारी माणसं शिकलेली आहेत, म्हणून उत्तर नीट द्यायला हवं.

हिमवृष्टी होते हे खरंच. हवा एका अंशाने तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, तेव्हा अतिथंड प्रदेशात हिमवृष्टी वाढूही शकते. पण हिम नुसती भर घालत नाही, खालच्या बर्फाला उन्हापासून वाचवतं. धरमपेठेतल्या एखाद्या गच्चीवर भर दुपारी चुना मारलेल्या भागावर अनवाणी पाय ठेवून बघा, मग शेजारच्या उघड्या स्लॅबवर. ऊन तेच, पण स्लॅबवर पाय ठरत नाही. ताजं हिम 80 ते 90 टक्के ऊन परतवतं. उघडा पडलेला जुना बर्फ त्याच्या जेमतेम निम्मं. हिम ओलावलं की कण जाड होतात, पांढरेपणा उतरतो. त्यात धूळ, काजळी, आणि नैर्ऋत्य ग्रीनलंडमध्ये तर बर्फावर वाढणारं जांभळट-तपकिरी शेवाळ.

2019 साली नेमकं हेच घडलं. हिम कमी पडलं, उन्हाळ्यात आकाश निरभ्र राहिलं, पांढरा थर लवकर संपला. त्या एका वर्षात ग्रीनलंडने सुमारे 53,200 कोटी टन बर्फ गमावला. 2017 आणि 2018 मध्ये उन्हाळे थंड होते, हिम भरपूर होतं. तूट बरीच घटली, तरी तूटच राहिली. 'सगळं तापमानावरच आहे, हिमाने काय होतं' म्हणणाऱ्यांनीही ही वर्षं शेजारी ठेवून पाहावीत.

म्हणून हिम किती पडलं एवढंच विचारून भागत नाही. ते कधी पडलं, किती दिवस पांढरं टिकलं, की त्याऐवजी पाऊसच आला, हेही विचारायला हवं. 14 ऑगस्ट 2021 रोजी ग्रीनलंडच्या माथ्यावर, 3,200 मीटर उंचीवर, नोंदी सुरू झाल्यापासून पहिल्यांदा पाऊस पडला.

हिमालयाचंही गणित हेच. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने 2016 मध्ये स्पितीत 'हिमांश' हे केंद्र उभारलं, ते तिथल्या हिमनद्यांवर नजर ठेवायला. त्या हिमनद्यांवर बसणारी काजळी बरीचशी आपल्याच डिझेलची, चुलींची आणि जाळलेल्या शेतांची आहे. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं हवेत राहतो. काजळी काही दिवसांत, फार तर आठवड्यांत खाली बसते. ती आज थांबवली, तर पुढच्या हिवाळ्यातलं हिम अधिक पांढरं पडेल.