वेळापत्रकाची कसोटी

एकसारख्या लाइन समांतर चालत असताना समोरची कामे त्यांच्यात कशी वाटावीत, म्हणजे शेवटचे काम लवकरात लवकर संपेल, हा उत्पादन नियोजनातील वरवर सोपा वाटणारा प्रश्न प्रत्यक्षात फार अवघड आहे. वीस कामांपैकी प्रत्येकाला तीनपैकी एक लाइन नेमून देण्याच्या 348 कोटींहून अधिक रीती संभवतात आणि प्रत्येक नव्या कामागणिक ही संख्या तिप्पट होते. म्हणूनच प्रत्यक्ष कारखान्यात ह्युरिस्टिकचा, म्हणजे सर्वोत्तम उत्तराची हमी न देता थोड्या वेळात चांगले उत्तर देणाऱ्या नियमांचा, आधार घ्यावा लागतो.

यांपैकी सर्वांत परिचित नियम असा, की सर्वांत लांब काम आधी घ्यावे आणि जी लाइन आधी मोकळी होईल तिच्यावर ते चढवावे. गणितज्ञ रोनाल्ड ग्रॅहम यांनी 1969 मध्ये सिद्ध केले, की तीन लाइनवर या नियमाने लागणारा वेळ सर्वोत्तम वेळेच्या 11/9 पटीहून कधीच अधिक होत नाही. 5, 5, 4, 4, 3, 3 आणि 3 तासांची सात कामे घेतली, तर हा नियम नेमके 11 तासांचे वेळापत्रक देतो. मात्र एकूण 27 तासांचे काम तीन लाइनवर 9 तासांपेक्षा कमी वेळात होणे शक्यच नसल्याने सुधारणेला किती वाव आहे, हे एका भागाकाराने कळते. या 9 तासांच्या आकड्याला खालची मर्यादा म्हणतात.

पुढचे पाऊल अदलाबदलीचे असते. 5, 3, 3 तासांची कामे असलेल्या लाइनवरील 5 तासांचे काम 4, 4 च्या लाइनवरील एका कामाशी बदलले, की एकूण वेळ 10 तासांवर येतो. मग पहिल्या लाइनवर आलेले 4 तासांचे काम उरलेल्या 5, 3 च्या लाइनवरील 3 तासांच्या कामाशी बदलले, की तिन्ही लाइन 9 तासांत मोकळ्या होतात. मोठ्या यादीत असा शोध मधल्याच एखाद्या उत्तरापाशी अडकू शकतो. तेव्हा काही वेळा तात्पुरता तोटाही स्वीकारणारी, 1983 पासून रूढ झालेली सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंगसारखी तंत्रे उपयोगी पडतात.

तथापि ग्रॅहम यांची हमी चेंजओव्हरचा, म्हणजे एका कामावरून दुसऱ्या कामावर जाताना लागणारा, वेळ हिशेबात धरत नाही. इंजेक्शन मोल्डिंगमध्ये फिक्या रंगानंतर गडद रंग घेणे सोपे असते, तर उलट क्रमात यंत्र स्वच्छ करण्यात बराच वेळ आणि माल खर्ची पडतो. अशा ठिकाणी वाटणीइतकाच क्रमही निर्णायक ठरतो. त्यामुळे वेळापत्रक आखणारी महागडी प्रणाली विकत घेण्याआधी प्रत्येक नियोजन विभागाने कोणत्या कामानंतर कोणते काम घेतल्यास किती वेळ जातो, याचा तक्ता लाइनवरील कामगारांसोबत बसून, प्रत्यक्ष मोजून तयार करावा आणि प्रत्येक वेळापत्रकाशेजारी त्याची खालची मर्यादा लिहिण्याचा प्रघात पाडावा. तसे केले तरच कोणती पद्धत आपल्या कारखान्याला खरोखर उपयोगी आहे, हे पारखता येईल.