अंतर आकाशातले आणि जमिनीवरचे

मुंबई आणि नागपूर या दोन विमानतळांमधील सरळ आकाशमार्गाचे अंतर सुमारे ६८० किलोमीटर आहे. ताशी आठशे किलोमीटर वेगाच्या जेट विमानाला ते कापण्यास तासाभराचाही अवधी लागू नये. वेळापत्रकात मात्र या प्रवासासाठी जवळजवळ दीड तास धरलेला असतो. उरलेला वेळ धावपट्टीपर्यंत सरकण्यात, चढण्या-उतरण्याच्या मंद गतीत आणि मुंबईच्या आकाशात पाळीची वाट पाहण्यात जातो. मुंबईच्या जुन्या विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. दोन्हींवर एकाच वेळी वाहतूक चालविता येत नाही. विमान कितीही वेगवान झाले, तरी प्रवासाचा काळ अखेर जमीनच ठरविते.

मुंबईत बसून योजना आखणाऱ्यांना विदर्भ दीड तासावर दिसतो. गडचिरोलीच्या शेतकऱ्याचे मंत्रालयात काम निघाले, तर नागपूर गाठण्यातच त्याचा अर्धा दिवस सरतो. पुढे विमानाचे भाडे त्याच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून ८३७ किलोमीटरच्या लोहमार्गावर एक संपूर्ण रात्र. संबंधित अधिकारी जागेवर नसला, तर हाच फेरा पुन्हा. बुडालेली मजुरी आणि खोळंबलेली पेरणी हा या प्रवासाचा पर्यायी खर्च होय. तो कोणत्याही तिकिटावर छापलेला नसतो आणि शासनाच्या हिशेबातही येत नाही.

वेगाचा लाभ सर्वांपर्यंत पोचविता येतो, याचा दाखला नागपूरच्याच इतिहासात आहे. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपुरात एकत्र येत आणि टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परतत. देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली. ज्याने जन्मात विमानात पाऊल ठेवले नाही, त्याच्याही पत्राला पंख मिळाले.

समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. नागपूर ते भिवंडीजवळील आमणे हा ७०१ किलोमीटरचा रस्ता आकाशमार्गाहून फारसा लांब नाही, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु ज्याच्याजवळ मोटार नाही आणि ज्याचे काम एका सहीसाठी अडले आहे, त्याचे अंतर रस्त्याने कितीसे कमी होणार?

या प्रश्नाचे उत्तर १९५३ च्या नागपूर कराराने दिले होते. दरवर्षी ठराविक काळ शासनाने नागपुरास यावे आणि विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन तेथे भरावे, असे त्यात ठरले. नागरिकाने सत्तेकडे जाण्याऐवजी सत्तेने नागरिकाकडे यावे, हे त्यामागील सूत्र. अलीकडे मात्र हे अधिवेशन एक-दोन आठवड्यांतच आटोपते आणि त्यासाठी आलेल्या फायली मंत्र्यांपाठोपाठ मुंबईस परततात.

निर्णयाचे अधिकार जिल्ह्याच्या ठिकाणी खऱ्या अर्थाने सोपविले गेले, तर गडचिरोलीच्या शेतकऱ्याला मुंबईचे अंतर मोजण्याची गरजच उरणार नाही. तोवर विमानाच्या दीड तासावरून राज्याची प्रगती मोजणे ही आत्मवंचनाच ठरेल.