दिवा लावणारा दिवा

भरदुपारी जळणारा गल्लीतला दिवा जालन्यात कुणाला नवा नाही. समुद्रात मात्र रात्री दिवा दिसला नाही, तर जहाज खडकावर आदळतं. कोकणातल्या दर्यावर्दी मुस्लिम घरांना हे सांगायला नको. अलिबागजवळ खांदेरी बेटावर १८६७ पासून दीपगृह आहे. अशा एकाकी जागी दिव्यासाठी माणूस ठेवावाच लागे. स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांनी १९०७ मध्ये तोड काढली: काळी दांडी उजेडाने तापून लांबली की गॅस बंद, अंधारात आखडली की दिवा चालू. १९१२ मध्ये गॅसच्याच स्फोटात त्यांचे डोळे गेले. त्याच वर्षी नोबेल मिळालं. ते घ्यायला भाऊ गेला, तो डोळ्यांचा डॉक्टर! डालेन मात्र १९३७ पर्यंत, मरेपर्यंत, कंपनी सांभाळत राहिले.